पाटी सर्वांत शेवटी: शिकाऊ समुपदेशकानं आपली ओळख कोणत्या क्रमानं घडवावी

समुपदेशनाचा अभ्यासक्रम अर्धाही झालेला नसतो आणि व्हिजिटिंग कार्ड छापून तयार असतं. साताऱ्यात माझ्याकडे सुपरव्हिजनला, म्हणजे आपलं काम अनुभवी समुपदेशकाकडून तपासून घ्यायला, येणाऱ्या मुलामुलींचं हे दरवर्षीचं आहे. कार्डावर नाव, नावाखाली 'मानसतज्ज्ञ', कोपऱ्यात मेंदूचं चित्र. मी विचारते, सेशन किती झाली? "सहा, मॅडम." त्यातली सुपरव्हिजनला किती आणली? मग सगळे खाली बघतात.

क्रम उलटा होतो, एवढंच सांगायला हा लेख. आधी स्वतःच्या मर्यादा, मग नोंदी, मग कुणीतरी आपलं काम तपासणं, मग परिसरातल्या लोकांशी ओळख आणि अगदी शेवटी कार्ड, पाटी, इन्स्टाग्राम. मधली एखादी पायरी गाळली तर ती पुढे कुठेतरी क्लायंटच्या अंगावर येते.

सुरू करण्याआधी: हाताशी काय हवं

दोन वह्या, कुलूप लागणारा एक ड्रॉवर, तासांची नोंदवही आणि ठरलेला सुपरवायझर. 'लागेल तेव्हा फोन करते' म्हणजे ठरलेला नव्हे. वार, वेळ, फी आणि अडीअडचणीला कधी फोन करायचा हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

'मला या कामात का यायचंय' हेही एक पानभर लिहा आणि सुपरवायझरला दाखवा. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "लहानपणापासून सगळे मलाच येऊन सांगतात." यात चूक काही नाही, पण मन मोकळं करायला घरात एखादी मावशीही असतेच. दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात खरं कारण येतं. कुणाच्या घरात दारू असते, कुणाचा भाऊ गेलेला असतो, कुणाचं लग्न मोडलेलं असतं. ते कारण वाईट नाही, पण ते कुठे बसलंय हे ठाऊक नसेल तर तशीच केस समोर आली की तुम्ही क्लायंटचं ऐकत नसता, स्वतःचं ऐकत असता.

म्हणून स्वतः क्लायंटच्या खुर्चीत बसा. माझं मत, किमान आठ-दहा वेळा. साताऱ्यात ओळखीचं कुणी निघेल वाटत असेल तर कोल्हापूर-पुण्याचं बघा किंवा ऑनलाइन करा.

सावध: सुपरवायझर आणि तुमचा स्वतःचा समुपदेशक एकच माणूस नको. ज्याच्याकडे रडायचं त्यानंच मार्क द्यायचे, हे जमत नाही.

टप्पा १: स्वतःला काय म्हणायचं ते ठरवा

आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ, मानसतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक हे चारही शब्द एकाच अर्थानं वापरले जातात. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तर यजमानाला जो शब्द भारदस्त वाटेल तो छापला जातो. तुम्ही तरी घोळ घालू नका.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट. तो आधी डॉक्टर असतो, निदान करतो, औषध लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेण्यासाठी आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. ही व्यवस्था १९९२च्या कायद्यातून आली. एमए मानसशास्त्र केलं, डिप्लोमा केला, म्हणून ते नाव लावता येत नाही. २०२१च्या 'अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स' कायद्यानं वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांच्या गटात समुपदेशकांचाही समावेश केला आहे. त्यामुळे उद्या नोंदणीची वेळ आली तर लागतील म्हणून गुणपत्रिका, इंटर्नशिपचं पत्र, सुपरवायझरच्या सहीची तासांची नोंद यातला एकही कागद टाकू नका.

तुम्ही आज आहात 'प्रशिक्षणार्थी समुपदेशक'. तेच म्हणायचं. कुणी 'डॉक्टर' म्हटलं तर लगेच, हसून, पण दुरुस्त करायचं. आपल्या भागात पांढरपेशा माणसाला 'डॉक्टर' नाहीतर 'साहेब' म्हणायची रीत आहे. पहिल्या दिवशी ते कानाला गोड लागतं आणि तिसऱ्या महिन्यात क्लायंट विचारतो, "डॉक्टर, ती झोपेची गोळी बंद करू का?"

तपासा: आरशासमोर उभं राहून "मी प्रशिक्षणार्थी आहे" म्हणा. आवाज खाली जातोय का? जात असेल तर अजून म्हणा.

टप्पा २: पहिली तीन मिनिटं पाठ करा

समोरचा माणूस बसल्याबरोबर "हं, बोला, काय त्रास आहे?" असं सुरू करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. त्याआधी चार गोष्टी सांगायच्या असतात: मी कोण, माझं काम कोण तपासतं, इथलं बोलणं कुठे जातं आणि कुठे जात नाही, आणि कुठल्या वेळी मला ते दुसऱ्याला सांगावंच लागेल. संमतीपत्रकावर सही घेतली म्हणजे हे सांगून झालं, असं नाही. फॉर्मवर 'इथं करा सही' म्हणून बोट दाखवणं आपल्याला बँकेनं शिकवलंय.

मी शिकवते तो मजकूर साधारण असा:

"मी इथं समुपदेशन शिकतेय. माझ्या कामावर एका अनुभवी मॅडमची देखरेख आहे. तुमचं नाव न सांगता मी त्यांच्याशी तुमच्याबद्दल बोलेन, म्हणजे माझं काही चुकत असेल तर त्या सांगतील. तुम्ही इथं जे बोलाल ते तुमच्या घरच्यांना मी सांगणार नाही. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, किंवा लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं, तर मला गप्प बसता येणार नाही. चालेल का? काही विचारायचंय?"

हे ऐकून माणूस उठून जाईल, अशी सगळ्यांना भीती असते. माझ्या इतक्या वर्षांत 'शिकणारी नको' म्हणून उठलेले दोन-तीनच, आणि तो त्यांचा हक्कच होता.

बरोबर आलेल्या माणसाचं काय? सुनेबरोबर सासू येते, मुलाबरोबर मामा येतो. त्यांना आत घेऊन पाच मिनिटं मान द्या, काय वाटतं ते विचारा आणि मग स्पष्ट सांगा, "काकू, आता मी यांच्याशी एकटीशी बोलते. तुम्ही बाहेर बसा, नंतर आपण भेटू." नंतर भेटायचंच. पण आत काय झालं ते सांगायचं नाही.

टप्पा ३: दोन वह्या, दोन कामं

पहिली वही केसची. तारीख, कितवं सेशन, क्लायंट काय म्हणाला, आपण काय केलं, धोका विचारला का, पुढे काय ठरलं. अर्धं पान पुरे. नाव लिहायचं नाही, क्रमांक लिहायचा. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या जागी. दुसरी वही तुमची. कंटाळा कधी आला, राग कुणाचा आला, कुठल्या वाक्याला पोटात गोळा आला, घड्याळाकडे कधी पाहिलं. सुपरव्हिजनला नेण्याजोगं बरंचसं या वहीत सापडतं.

नोंद त्याच दिवशी, त्याच खोलीत. मी शिकत असताना वाईहून साताऱ्याला येताना एसटीत बसून लिहायचे, तेवढाच वेळ वाचतो म्हणून. एकदा वही सीटवर राहिली. पोवई नाक्यावर उतरले आणि हात पिशवीत गेला तेव्हा कळलं. धावत स्टँडवर गेले. कंडक्टरनं वही सांभाळून ठेवली होती आणि देताना म्हणाले, "ताई, लई दुःखं लिहिलीत वो तुम्ही यात." म्हणजे वाचली होती. नावं नव्हती, पण गाव होतं, जात होती, नवऱ्याची नोकरी होती. आपल्या जिल्ह्यात माणूस ओळखायला एवढं पुष्कळ झालं. त्या संध्याकाळी सुपरवायझरना सगळं सांगितलं, आणि पुढच्या भेटीत क्लायंटलाही. ते सांगताना जे वाटलं ते अजून विसरलेले नाही.

सावध: व्हॉट्सअॅपवरच्या 'केस डिस्कशन'च्या ग्रुपवर केस टाकणं म्हणजे तीच वही पन्नास सीटवर विसरणं.

टप्पा ४: सुपरव्हिजनला केस घेऊन जाताना

इथं जरा जास्त थांबते, कारण इथंच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. विद्यार्थी येतात आणि वीस मिनिटं क्लायंटची कहाणी सांगतात. सासू कशी, दीर कसा, वाटणी कधी झाली. ऐकायला छान असतं, पण त्यात तुम्ही कुठेच नसता. मला क्लायंटपेक्षा तुमचं काम बघायचंय.

म्हणून सेशनमधल्या कुठल्याही दहा मिनिटांचं बोलणं शब्दशः लिहून आणा. रेकॉर्डिंग करायचं तर लेखी संमती घेऊनच, नाहीतर सेशन संपल्याबरोबर आठवून. अडलेली दहा मिनिटं आणा, चांगली झालेली नकोत. खालचा तुकडा दोन-तीन केसचे तपशील मिसळून बनवलाय, कुणा एकीचा नाही. त्यातली 'गलाई' म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं काम.

क्लायंट: "मिस्टर तिकडं तमिळनाडूत, गलाईच्या कामाला. मी हितं सासू-सासऱ्यांजवळ. रातच्याला दोन-दोन वाजेस्तोवर छताकडं बघत पडते."
प्रशिक्षणार्थी: "तुम्ही पॉझिटिव्ह विचार करा ना. सकाळी योगा सुरू करा, झोप लागेल."
क्लायंट: "हं."
प्रशिक्षणार्थी: "मुलं कितवीला आहेत?"

मी विचारलं, हे 'हं' काय होतं? विद्यार्थिनी म्हणाली, "तिला पटलं." पुढचा कागद पाहिला तर उरलेली पस्तीस मिनिटं मुलाच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेवर गेली होती. बाई छताचं नाव पुन्हा काढत नाही. तिनं दार किलकिलं केलं, आपण योगा आत सरकवला, तिनं दार लावून घेतलं. तिथं म्हणायला हवं होतं एवढंच: "छताकडं बघत पडता तेव्हा मनात काय चालू असतं?" पुढच्या भेटीत विद्यार्थिनीनं ते विचारलं. उत्तर यायला दीड मिनिट लागलं आणि त्या दीड मिनिटात ती गप्प बसली, याचं मला जास्त कौतुक.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनं १९५७मध्ये समानुभूती, विनाअट स्वीकार आणि खरेपणा यांवर जे लिहिलं ते परीक्षेत सगळ्यांना येतं. कागदावर मात्र सल्ला दिसतो. आपण सल्ल्याच्या समाजात वाढलोय, एसटीत शेजारी बसलेला माणूसही मूतखड्यावर काढा सांगतो. तेव्हा दहा मिनिटांच्या त्या लिखाणात प्रत्येक सल्ल्याखाली लाल रेघ मारा आणि रेघा मोजा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

लोकांचे शब्दही तसेच उतरवून घ्या. 'नैराश्य', 'चिंता' असं आपल्या भागात कुणी येऊन म्हणत नाही. "जीव घाबराघुबरा होतो", "कशात मन लागंना", "डोक्याला मुंग्या येत्यात", "काळीज धडधडतंय", "करमंना" असं म्हणतात. आपला शब्द त्यांच्या तोंडात घालायच्या आधी त्यांच्याच शब्दानं पुढचा प्रश्न विचारा: मुंग्या कधी येतात? कोण घरात आलं की?

तपासा: सुपरव्हिजनमधून येताना दर वेळी छान वाटत असेल तर तुम्ही चुकीची दहा मिनिटं नेताय.

टप्पा ५: धोका विचारायची रीत

"तसलं काही मनात येत नाही ना?" हा आपला लाडका प्रश्न. त्यातला 'नाही ना' समोरच्याकडून 'नाही' वदवून घेतो. सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारल्याचं हायसं वाटतं.

'हो' आलं तर क्रम असा:

१. कधीपासून, किती वेळा, आणि काही ठरवलंय का.
२. साधन घरात आहे का. आपल्याकडे याचा अर्थ बहुधा शेतीचं औषध, म्हणजे कीटकनाशक किंवा तणनाशक. कुठल्या खोलीत, कुणाच्या हाताशी.
३. क्लायंट समोर बसलेला असतानाच सुपरवायझरला फोन. नंतर नाही.
४. घरातलं विश्वासाचं माणूस बोलावणं. औषधाचा डबा घराबाहेर, कुलपात. माणूस एकटा सोडायचा नाही.
५. त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे, कुणीतरी सोबत देऊन. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून द्या. तो फुकट आहे आणि चोवीस तास चालतो.

घरचे 'पोलीस केस होईल' म्हणून लपवतात. त्यांना सांगा, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नसते.

अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, शिकाऊ समुपदेशकावरही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शाळेत काम करत असाल तर "आधी संस्थेत चर्चा करू" असं ऐकायला मिळेल. चर्चा करा, पण कळवणं त्यासाठी अडवू नका. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

टप्पा ६: छोट्या गावात समुपदेशक असणं

पुस्तकात 'दुहेरी नातं टाळा' असं एका ओळीत असतं. साताऱ्यात ते टाळणार कसं? क्लायंटची जाऊ तुमच्या भिशीत असते, क्लायंटचा मुलगा तुमच्या भाच्याच्या वर्गात. म्हणून टाळता येतं ते टाळा आणि टाळता येत नाही ते आधी बोलून ठेवा. नातेवाईक, शेजारी, सहकारी, घरमालक यांची केस घ्यायची नाही. "तूच बघ ना, बाहेर कुठं जाणार" म्हणून आत्या आग्रह करेल. तिला दुसऱ्याचं नाव द्या, स्वतः सोबत जा, पण केस घेऊ नका.

आणि पहिल्याच सेशनमध्ये विचारून ठेवा: "आपण बाजारात, लग्नात भेटलो तर?" माझा नियम असा की मी आधी ओळख दाखवत नाही. तुम्ही हसलात तर मी हसेन. एकदा मंडईत मेथी निवडत होते. शेजारच्याच पाटीवर क्लायंट, सोबत तिच्या सासूबाई. तिनं माझ्याकडे पाहिलं, मेथीची जुडी उचलली, परत ठेवली, कोथिंबिरीचा भाव विचारला. मी शेपूकडे वळले. पुढच्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही वळलात ना, तवा पटलं."

टप्पा ७: देवऋषी, भोंदूगिरी आणि तुमची भूमिका

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाची साताऱ्याला मोठी परंपरा आहे आणि त्या चळवळीतून बरीच मुलं समुपदेशनाकडे येतात. चांगली येतात, पण येताना भाषण घेऊन येतात. क्लायंट म्हणतो, "अमुशाला अंगात येतं", आणि विद्यार्थी तिथंच प्रबोधन सुरू करतो. क्लायंट मान डोलावतो आणि पुन्हा येत नाही.

कार्यकर्ता आणि समुपदेशक ही दोन कामं आहेत. सभेत बोला, जरूर बोला. खोलीत मात्र आधी विचारा: कुणी पाठवलं, तिथं काय करतात, त्यानं बरं काय वाटतं, औषध बंद करायला सांगितलंय का. मारहाण होत असेल, साखळीनं बांधत असतील, तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि मग समुपदेशकानंही गप्प बसायचं नाही. नुसता अंगारा लावत असतील तर अंगारा लावून औषधही घेता येतं. ही तडजोड चळवळीतल्या काही मित्रांना रुचत नाही, त्यांचा राग मी गृहीत धरलाय.

टप्पा ८: रेफरलची यादी पायांनी करा

क्लायंटला पुढे कुणाकडे पाठवायचं त्याची, म्हणजे रेफरलची, गुगलवरून नंबर उतरवलेली यादी ऐन वेळी निकामी ठरते. एक आठवडा काढा आणि प्रत्यक्ष जा. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग कुठल्या मजल्यावर, ओपीडी कुठल्या वारी, केसपेपर किती वाजेपर्यंत. महिला संरक्षण अधिकाऱ्याचं कार्यालय कुठे. आयसीटीसीचे, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्राचे, समुपदेशक कोण. दारूसाठी भरती करून घेणारं केंद्र कुठलं आणि तिथं खरोखर डॉक्टर असतो का. माण-खटावहून येणाऱ्या बाईला शेवटची एसटी किती वाजता, हेही याच यादीत लिहा.

सावध: पाठवलं की आपली जबाबदारी संपली, असं नाही. आठवड्यानं, आधी परवानगी घेतलेली असेल तर, 'पोचलात का' एवढं विचारा.

टप्पा ९: आणि आता पाटी

पद्धतीचं नाव मिरवायची घाई नको. सीबीटी, आरईबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धती), जे शिकलात ते वापरा, पण दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र कार्डावर 'तज्ज्ञ' म्हणून येऊ देऊ नका. कार्डावर नाव, पदवी, 'समुपदेशक', नंबर, वेळ. 'खात्रीशीर', 'शंभर टक्के', 'एका सेशनमध्ये' हे शब्द बाद. क्लायंटचे अभिप्राय, क्लायंटबरोबरचे फोटो, 'आजची केस' म्हणून स्टोरी, हे सगळं बाद.

आणि पाटी लावायच्या आधी जागा बघायला जाल तेव्हा समोरच्या पानटपरीवर दहा मिनिटं उभे राहा. वर जाणारा माणूस तिथून दिसतो का? दिसत असेल तर भाडं कितीही कमी असो, नको. माझी खोली दाताच्या दवाखान्याच्या वर आहे. पाटी जिन्याच्या आत, वहीच्या पानाएवढी. कुणी हटकलं तर दाढ दुखतेय म्हणता येतं.